पाठवलेलं मराठी समोर उघडतं का?

सोसायटीचं इतिवृत्त असो, शाळेचा अहवाल असो की दिवाळी अंकासाठी लिहिलेली कथा, मराठी फाइल हमखास एकाच ठिकाणी अडते. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर सगळं ठाकठीक असतं आणि समोर उघडली की कंस, टक्केचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मग फोनाफोनी होते. "तुमच्याकडे तो फॉन्ट नसेल", "मग पीडीएफ करून पाठवा", आणि शेवटी कुणीतरी पडद्याचाच फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतं. काम भागतं, पण त्या फोटोतला एक काना दुरुस्त करायचा म्हटलं तरी सगळं पुन्हा टाइप करावं लागतं.

घोळ नेमका कुठे होतो ते एका शब्दावर बघू. कृतिदेव फॉन्ट लावून तुम्ही 'मराठी' टाइप केलंत, तर कंप्युटर आत साठवतो ती पाच इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फॉन्ट फक्त ई वर 'म'चा मुखवटा चढवतो, जे वर 'र'चा. तो फॉन्ट नसलेल्या कंप्युटरवर फाइल गेली की मुखवटा गळतो आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, सीडॅकच्या आयएसएममधले सुरेख आणि योगेश ही सगळी याच जातकुळीतली मंडळी. त्यात प्रत्येकाची योजना वेगळी, त्यामुळे श्री-लिपीतला मजकूर आकृती लावून वाचता येत नाही. आणि फॉन्ट जुळला तरी कंप्युटरच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. त्यात शब्द शोधता येत नाही, नावांची यादी अकारविल्हे लागत नाही, फोनवर तो वाचता येत नाही.

युनिकोडमध्ये 'म'ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगातल्या कुठल्याही यंत्रावर तोच राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मधली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे आणि त्या गटाची मांडणी आपल्याकडच्या इस्की या १९८८ च्या संकेतप्रणालीवरून घेतलेली आहे. इतकी वर्षं हे सगळं हाताशी असताना आजही लेख जुन्या फॉन्टमध्ये येतात, याचं कारण सवय. छापखान्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला जुने फॉन्ट लागायचे, म्हणून टाइप करणारे ते शिकले, आणि छापखाने पुढे गेले तरी हात तिथेच राहिले.

आपली फाइल कुठल्या प्रकारची आहे हे कळत नसेल तर मजकुरातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड. इंग्रजी कचरा दिसला तर जुना फॉन्ट. या परीक्षेला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि संपादकाला किंवा चिटणीसांना फाइल पाठवण्याआधी ती करायलाच हवी असं माझं मत आहे.

युनिकोड म्हणजे 'मंगल' हा एकच फॉन्ट, असा एक समज पक्का बसलेला आहे. मंगल विंडोजबरोबर सगळ्यांच्या घरी पोचला म्हणून तसं वाटतं. तो रेखाटला आयआयटी मुंबईत शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी, आणि पडद्यावर वाचायला तो आजही वाईट नाही. पण मुद्रणासाठी आता बरेच पर्याय आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू, गूगलचा नोटो, आणि टिरो देवनागरी हे सगळे फुकट उतरवून घेता येतात. टिरोची मराठी, हिंदी आणि संस्कृत अशी वेगवेगळी रूपं आहेत; त्यातलं मराठी घ्या, म्हणजे 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे मिळतील. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली, तरी हिंदी वळणाचा 'ल' आपल्या पाट्यांवर आणि पत्रिकांवर बिनदिक्कत वावरतो, तो बहुतेक वेळा फॉन्ट न बघता निवडल्यामुळे. युनिकोडमध्ये मजकूर तोच ठेवून फॉन्ट कधीही बदलता येतो, तेव्हा टाइप करताना त्याची चिंता नको.

आता टाइप कशाने करायचं? विंडोज १० किंवा ११ असेल तर बाहेरून काहीही घ्यायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज', तिथे 'ॲड अ लँग्वेज' करून मराठी निवडा. याच पायरीवर एक बारीक चौकोन असतो: ही भाषा विंडोजची 'डिस्प्ले लँग्वेज' करायची का? तिथली खूण काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी कंप्युटर सुरू केल्यावर सगळे मेनू मराठीत येतील आणि घरातलं कुणीतरी ओरडेल. त्यानंतर विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. गूगल इनपुट टूल्सची विंडोजवर बसवायची आवृत्ती गूगलने केव्हाच बंद केली आहे. ती अजूनही अनोळखी संकेतस्थळांवर 'डाउनलोड' म्हणून मिळते, पण तिच्या वाटेला जाऊ नका. विंडोजमध्येच २०१९ पासून मराठी फोनेटिक कळफलक आहे. भाषेच्या पर्यायांत जाऊन तो जोडून घ्या. इंग्रजी उच्चाराप्रमाणे अक्षरं दाबली की मराठी उमटतं. मॅकवर हेच काम कीबोर्डच्या 'इनपुट सोर्सेस'मध्ये होतं, आणि फोनवर जीबोर्डमध्ये.

महिन्यातून एखादं पत्र लिहिणाऱ्याने फोनेटिकवर समाधान मानावं. टंकलेखनाच्या परीक्षा दिलेल्यांनी रेमिंग्टनचा हात सोडू नये. त्याच मांडणीचे युनिकोड कळफलक मिळतात. पण रोज चार पानं लिहायची असतील तर इन्स्क्रिप्ट शिका. ही सरकारने ठरवलेली मांडणी आहे आणि ती डोक्याने केलेली आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, क जिथे तिथेच शिफ्ट दाबून ख, ग जिथे तिथेच घ. पाय मोडायचा असेल तर डी. एकदा बोटांना कळलं की गुजराती किंवा कन्नड लिपीतही क त्याच कळीवर सापडतो. पहिला आठवडा चिडचिड होते, हे खरं.

बोलून लिहायचा पर्यायही आता कामाचा झाला आहे. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, 'टूल्स'मधून 'व्हॉइस टायपिंग' घ्या, माइकच्या वरच्या यादीतून मराठी निवडा आणि सावकाश बोला. वाक्यं बऱ्यापैकी उतरतात. विरामचिन्हं मात्र मराठीत बोलून पडत नाहीत, ती हातानेच द्यावी लागतात. नावं, आडनावं आणि गावांची नावं डोळ्यांत तेल घालून तपासा.

टाइप होऊ लागलं म्हणजे सगळं झालं असं नाही. मराठीत काही अक्षरं अशी आहेत की डोळ्याला बरोबर दिसतात आणि यंत्राला वेगळी वाटतात, किंवा उलट. त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिला मान 'ऱ्य'चा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. साधा र, पाय मोडून य लावला तर रफार होतो आणि डोंगरात समुद्र शिरतो. इन्स्क्रिप्टवर जे या कळीवर र आहे. शिफ्ट धरून जे दाबलं की खाली टिंब असलेला ऱ मिळतो. तो घ्या, डी दाबून पाय मोडा, मग य. बस. 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'कुऱ्हाड' सगळे याच वाटेने. फोनवर लिहीत असाल तर सुचवलेल्या शब्दांतून नीट बघून निवडा. हाच अर्धा र साध्या र ला एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही काढता येतो आणि दिसायला तंतोतंत तसाच दिसतो, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर बरेचदा सापडत नाही. म्हणून निदान एका फाइलमध्ये एकच पद्धत ठेवा.

तसंच 'ॲ'चं. पूर्वी युनिकोडमध्ये हे अक्षर सलग नव्हतं, २००८ मध्ये आलं. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र देत, आणि अजूनही देतात. दिसायला दोन्ही सारखेच. पण सभासदांच्या यादीत चार जणांपुढे एका पद्धतीचं 'ॲड.' आणि सहा जणांपुढे दुसऱ्या पद्धतीचं असेल, तर वकिलांची यादी काढताना चारच वकील निघतील. वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, वरच्या खणात सुटं रूप, खालच्या खणात सलग रूप टाका आणि 'रिप्लेस ऑल' करा. याच वेळी विसर्गही निस्तरून घ्या. 'दुःख', 'अंतःकरण', 'स्वतः' या शब्दांत सर्रास इंग्रजी कोलन टाकलेला असतो. विसर्ग हे वेगळं अक्षर आहे आणि इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून वजाबाकीची कळ दाबली की मिळतं. कोलन मात्र एका फटक्यात सगळे बदलू नका, 'विषय :', 'दिनांक :' इथले खरे कोलनही बदलतील. आणखी एक खोड म्हणजे अ ला काना-मात्रा लावून 'ओ' तयार करणं. तुमच्या फॉन्टमध्ये तो ओ दिसेल, दुसऱ्या फॉन्टमध्ये मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ येईल. ओ आणि औ यांच्या स्वतंत्र कळा आहेत, त्याच वापरा.

वर्डमध्ये मराठीचा फॉन्ट बदलत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा. तिथे इंग्रजीसाठी एक खण असतो आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी दुसरा. देवनागरी या दुसऱ्या खणाचं ऐकते. फॉन्ट आणि आकार तिथे द्या. इतिवृत्त लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सोय म्हणजे 'ऑटोकरेक्ट'. 'ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला' हे वाक्य दर सभेला दहादा लिहायचं कशाला? 'ठसम' असं लघुरूप नोंदवून ठेवा, स्पेसबार दाबला की पूर्ण वाक्य उमटेल. वर्ड विकत घ्यायचं नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे आणि त्याचे मेनूही मराठीत करता येतात.

एक्सेलमध्ये एक खास मराठी अपघात होतो. गूगल फॉर्मवरून आलेली किंवा कुठल्या संकेतस्थळावरून उतरवलेली सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडली की नावांच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला छोटा ए, त्यामागे चार पाय फुटलेलं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, अशी माळ दिसू शकते. घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन तुकड्यांत ठेवलेलं असतं, आणि एक्सेल ते तीन तुकडे तीन युरोपीय अक्षरं समजून दाखवतं. फाइल न साठवता बंद करा. नवी कोरी शीट उघडून 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. नावं मराठीत येतील. तुम्ही स्वतः सीएसव्ही पाठवत असाल तर साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. एसएमएस मराठीत पाठवणाऱ्या मंडळांनाही असाच हिशेब लागू आहे: इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०, आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. सभेची सूचना लांबली की एकाचे तीन संदेश होतात, आणि घाऊक पाठवणीचे पैसेही त्याच प्रमाणात.

पीडीएफबद्दल माझं म्हणणं जरा कडक आहे. पीडीएफ वाचायला आणि छापायला उत्तम. पण ज्याला मजकुरावर काम करायचं आहे त्याला नुसती पीडीएफ पाठवणं म्हणजे कामाला लावणं. मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते, रफार उडतात, जोडाक्षरं मोडतात, कारण पीडीएफ अक्षरांची चित्रं जागेवर ठेवते, लिहिण्याचा क्रम जपेलच असं नाही. म्हणून संपादकाला वर्डची फाइल द्या आणि सोबत पीडीएफ, म्हणजे मूळ कसं दिसायला हवं हे त्याला ताडून बघता येतं. नुसतं छापील कात्रण हाती असेल तर त्याचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवा, त्यावर उजवं क्लिक करून 'ओपन विथ'मधून गूगल डॉक्स निवडा. चित्राखाली मजकूर टाइप होऊन येतो. घ-ध आणि भ-म यांची गल्लत बघून घ्या, बाकी मेहनत वाचते.

पाठवताना मेल की व्हॉट्सॲप? जे महिन्यांनी शोधावं लागणार ते मेलने, जे आजच्या आज संपणार ते व्हॉट्सॲपने. मेलच्या विषयाच्या जागी 'लेख' किंवा 'फाइल' लिहू नका. 'दिवाळी अंक : कथा, १८०० शब्द' असं लिहा. फाइलीचं नावही असंच बोलकं हवं. 'फायनल', 'नवीन फायनल', 'फायनल शेवटचं' ही नावं पाठवणाऱ्यालाही आठवत नाहीत. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख आणि मग विषय असं नाव दिलं की फायली आपोआप क्रमाने लागतात. सरकारी संकेतस्थळांवर चढवायची असेल तर नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, बऱ्याच ठिकाणी मराठी नावाची फाइल नाकारली जाते. पन्नास सभासदांना एकच मेल जात असेल तर सगळे पत्ते 'बीसीसी'त घाला, एकाचा पत्ता दुसऱ्याला कळायचं कारण नाही.

जीमेलमध्ये २५ एमबीपर्यंतची फाइल जोडता येते, त्यापुढची ड्राइव्हचा दुवा होऊन जाते. दुवा पाठवला आणि रात्री अकरा वाजता 'परवानगी द्या' असे मेल येऊ लागले, हे टाळायचं तर 'शेअर'मध्ये जाऊन आधीच ठरवा: ठरावीक माणसांनाच, की दुवा असलेल्या कुणालाही? आणि त्यांनी फक्त वाचायचं, शेरे द्यायचे, की बदलही करायचे? लेखासाठी 'शेरे' पुरेसे असतात. फोन नंबर असलेली सभासदांची यादी मात्र दुवा असलेल्या कुणालाही उघडेल अशी कधीच ठेवू नका. तो दुवा फिरत फिरत कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर त्याची प्रत उतरत नाही. छापायचा फोटो असाच पाठवा, गॅलरीतून पाठवलेला फोटो छापल्यावर भुरकट येतो. गटात महत्त्वाची सूचना टाकलीत की ती 'पिन' करा, तीस दिवसांपर्यंत वर राहते आणि 'सभा कधी आहे?' हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. सूचनेत तारीख चुकली तर पंधरा मिनिटांच्या आत तोच संदेश दुरुस्त करता येतो. दुसरी सूचना टाकण्यापेक्षा हे बरं, नाहीतर अर्ध्या गटाकडे जुनी तारीख राहते.

दुसऱ्याने पाठवलेली फाइल उघडण्याआधी तिच्या नावाचं शेपूट वाचा. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलन, बँकेची नोटीस अशा नावाने येणाऱ्या आणि 'एपीके'ने संपणाऱ्या फायली म्हणजे फोनवर बसणारे कार्यक्रम असतात. लग्नपत्रिका कधीही एपीके नसते. ती फोटो असते किंवा पीडीएफ. ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडू नका, कारण त्यांचाच फोन आधी भामट्यांच्या हाती गेलेला असू शकतो. पैसे गेलेच तर १९३० हा क्रमांक ताबडतोब फिरवा, जितकी घाई तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिनही आजच लावून टाका.

उरली जुन्या फॉन्टमधल्या फायलींची थप्पी. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी यांतून युनिकोड करणारी परिवर्तकं मिळतात; आपला नेमका फॉन्ट आणि त्याची आवृत्ती निवडणं महत्त्वाचं, कारण एकाच घराण्यातल्या दोन आवृत्त्यांतही अक्षरांच्या जागा बदललेल्या असतात. आधी एका पानावर प्रयोग करा. रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार, 'ऱ्य', 'क्ष', 'ज्ञ' आणि अवतरणचिन्हं एवढं तपासा, गडबड बहुधा तिथेच असते. फाइलमध्ये मधेमधे खरे इंग्रजी शब्द असतील तर त्यांचंही 'मराठी' होऊन बसलेलं असेल, ते मूळ बघून दुरुस्त करा. आणि मूळ फाइल पुसू नका. तिच्या शेजारीच तो जुना फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये ठेवून द्या.